अर्ध्या वाट्याचे घर आणि पडद्यावरचे घर

दूरचित्रवाणीवरील मराठी मालिकांतील एक प्रसंग आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. रात्रीची वेळ, बाहेर पाऊस, आणि सून हातात पिशवी घेऊन उंबरठ्याबाहेर उभी. आत सासू, नणंद आणि मान खाली घालून बसलेला नवरा. घर मुलाचे, म्हणून आईचे. आणि आईने सांगितले की सुनेने निघून जावे. पुढचे शे-दीडशे भाग ती सून त्या घरात परत कशी येते, हे पाहण्यात जातात. हा प्रसंग पेडणे किंवा डिचोली तालुक्यात जेवणाची भांडी आवरून जी स्त्री पाहत असते, तिच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गोव्याच्या कायद्याप्रमाणे तिच्या नवऱ्याच्या मालमत्तेत तिचा निम्मा हिस्सा आहे. तिच्या सासूचाही सासऱ्याच्या मालमत्तेत तेवढाच आहे, आणि तो मुलामुळे मिळालेला नाही. म्हणजे पडद्यावरच्या त्या एका प्रसंगात सासू आणि सून या दोघींविषयीही जे गृहीत धरलेले आहे, ते ही पाहणारीच्या घरात खरे नाही. तरीही ती डोळे पुसते, आणि तिचे दुःख खोटे नसते.

मालिका वास्तवाचा विपर्यास करतात, ही तक्रार आता जुनी झाली. भरजरी साड्या नेसून स्वयंपाक करणाऱ्या बायका, झोपेतही न विसकटणारे केस, कुणीच कामाला जात नसूनही चालणारा संसार, यांची थट्टा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली आहे. आमचा मुद्दा त्याहून मर्यादित आणि इतिहासाशी संबंधित आहे. उत्तर गोव्याच्या या दोन तालुक्यांत स्त्रीचे घर, तिचे श्रम, तिचे राजकारण आणि तिचा खेळ यांना स्वतःचा असा भूतकाळ आहे. पडद्याने त्यातले काय दाखविले आणि काय कधीच दाखविले नाही, याचा ताळा एकदा मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. पेडणे, डिचोली, सत्तरी हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात आला तो १७८१ ते १७८८ या काळात. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींपेक्षा सुमारे अडीचशे वर्षांनी आलेल्या या नव्या काबिजादीत धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि लोकांच्या चालीरीती राखण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी बहुतांशी पाळले. पुढे पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता १८७० साली गोव्यात लागू झाली. विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल तर उभयतांची मालमत्ता, माहेरची आणि सासरची, आधीची आणि नंतरची, एकत्र होते व तिच्यात दोघांचा अविभक्त असा निम्मा हिस्सा असतो, हे या संहितेतील विवाहाचे मूळ सूत्र. स्थावर विकायचे तर पत्नीची संमती हवी. आईबापांना मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा फक्त अर्धा भाग मनाप्रमाणे देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा, आणि मुलांत मुली येतात. मुंबईच्या मालिकांतील बाप रागाच्या भरात वकिलाला बोलावून सगळी संपत्ती एका कागदावर कुणाच्याही नावे करून टाकतो, ते गोव्यात होऊ शकत नाही.

या कायद्याचा फार गौरव करावा असे मात्र आम्हांस वाटत नाही. १८८० साली हिंदूंच्या रीतिरिवाजांविषयी जो हुकूमनामा निघाला त्यात पत्नी २५ वर्षांची होईपर्यंत अपत्य झाले नाही तर नवऱ्याला दुसरा विवाह करण्याची वाट ठेवलेली होती. म्हणजे एका हाताने अर्धी मालकी देणाऱ्या कायद्याने दुसऱ्या हाताने तिची किंमत कुशीवरून ठरविली होती. १९१०च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने नागरी विवाह आणि घटस्फोट आणले. भारतात विलीन झाल्यावरही १९६२च्या कायद्यान्वये ही व्यवस्था चालू राहिली, आणि गोवा विधानसभेने २०१२ साली वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी यांविषयी केलेला, २०१६च्या अखेरीस अमलात आलेला कायदा याच पायावर उभा आहे. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की सगळा देश गोव्याकडे बोट दाखवितो. मालिका लिहिणाऱ्यांना मात्र या बोटाची दिशा कधी दिसली नाही.

कायदा कपाटात राहतो आणि आयुष्य बाहेर चालते, असा आक्षेप येथे कुणी घेईल. तर मग बाहेरचे आयुष्य पाहू. १९००च्या जनगणनेत गोव्यात दर हजार पुरुषांमागे १०९१ स्त्रिया होत्या. याचे कारण गोव्यात मुली जास्त जन्मत होत्या असे नसून पुरुष गावात नव्हते, हे होय. मुंबईच्या गिरण्या, बोटी, खानावळी, नाटक कंपन्या यांनी गोव्याचा पुरुष ओढून नेला होता. जुन्या काबिजादीतून हा ओघ मोठा होता, पण पेडण्यासारख्या, सावंतवाडी संस्थानाला लागून असलेल्या तालुक्यातूनही मुंबईची वाट रुळलेली होती. मागे उरलेली बाई मिरग लागला की तरवा काढीत होती, काजूच्या बिया वेचीत होती, मिरच्या वाळवून बाजारी नेत होती, माशांची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरत होती, कुळाचा खंड पोहोचवीत होती आणि मुंबईहून आलेले पत्र कुणाकडून तरी वाचून घेत होती. तिला घराबाहेर काढणारे त्या घरात कुणी नव्हते. घरच तिच्यावर उभे होते. सुख होते असे आम्ही म्हणत नाही. सत्ता नसतानाही भार वाहावा लागतो, हे अशा घरांचे दुखणे. पण दागिन्यांनी मढून दिवाणखान्यात दिवसभर कट रचणारी बाई तेथे शोधूनही सापडली नसती, कारण तिला तेवढा वेळच नव्हता.

राजकारणाचे उदाहरण तर अधिक ठळक आहे. मूळच्या पेडण्याच्या बांदोडकर घराण्यातील शशिकलाताई काकोडकर या डिचोलीच्या आमदार. वडील दयानंद बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३च्या ऑगस्टमध्ये त्या गोवा, दमण व दीवच्या मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९पर्यंत त्या पदावर होत्या. देशात तोवर स्त्री मुख्यमंत्री एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या होत्या. त्यांच्या कारकिर्दीत १९७५चा मुंडकार कायदा आणि १९७६ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती झाली. कसणाऱ्याकडे जमिनीची मालकी जावी, असे या दुरुस्तीने ठरविले. वडिलांच्या पुण्याईवर ताई आल्या, असे तेव्हाही बोलले गेले आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. तरी वडिलांच्या मागून आलेल्या पुरुषांना हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की डिचोलीच्या मतदाराने सत्तरच्या दशकात एका बाईला मत दिले आणि तिने जमिनीच्या प्रश्नाला हात घातला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्याच मतदाराच्या घरात रोज रात्री जी कर्तबगार बाई दिसू लागली, तिची सगळी बुद्धी तिजोरीच्या किल्ल्यांभोवती फिरत होती.

आता खेळाकडे वळू, कारण स्त्रीची प्रतिमा घडविण्याचे काम पडद्याच्या आधी रंगमंचाने केलेले आहे. पेडण्यात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात राणी, राक्षसी, पतिव्रता, सगळ्या पुरुषांनीच करायच्या. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी शालू कसा नेसावा, केसांत गजरा कसा माळावा हे घरंदाज बायकांना शिकविले, असे कौतुकाने सांगितले जाते. त्यातील गंमत अशी की स्त्रीने स्त्रीसारखे कसे दिसावे हे तिने एका पुरुषाकडे पाहून ठरविले. मंगेशीच्या दीनानाथांची ‘भावबंधना’तील लतिका याच परंपरेतली. आमच्याकडे जत्रेच्या उत्सवी नाटकांत पुढे स्त्रीभूमिकेसाठी नट्या आल्या त्याही बाहेरगावहून मानधन देऊन आणलेल्या. गावातील बाई प्रेक्षकांत. तेव्हा पडद्याने प्रथमच बाईचे खोटे चित्र काढले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

परंतु दशावतारातील विपर्यास आणि मालिकेतील विपर्यास यांत एक फरक आहे. दशावतारातील सीता पुरुष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. पहाटे तोच नट रंग पुसून देवळामागे विडी ओढताना दिसतो. खोटेपणा दोघांनी मिळून मान्य केलेला असतो. मालिकेतील घर मात्र खऱ्या घराचे रूप घेऊन येते. तेथे वर्तमानपत्र येते, गणपती बसतो, दिवाळीच्या दिवशी दिवाळी आणि संक्रांतीच्या दिवशी संक्रांत असते. आपल्याच पंचांगावर चालणारे ते घर आपलेच, अशी समजूत होण्यास वेळ लागत नाही.

याच्या उलट टोकाला धालो आहे. पौषात चांदण्या रात्री गावातील बायका मांडावर जमतात, दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहून गातात, आणि शेवटच्या दिवशी सोंगे काढतात. त्या सोंगांत बाई पुरुष होते, शिकारी होते, मिशा लावते, नवऱ्याची नक्कल करते. पुरुषांनी तेथे फिरकायचे नसते. पुरुषाने केलेली बाई दशावतारात, आणि बाईने केलेला पुरुष धालोत, अशी ही जोडी एकाच गावात, कधी एकाच देवळाच्या आवारात, पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. बाईचे बाईपण हे काही अंशी सोंग आहे, घालता येते आणि उतरविता येते, एवढे शहाणपण या खेळांत होते. विद्यापीठांतून हीच गोष्ट आता जड शब्दांत शिकविली जाते. धालो आजही होतात. पण मांडावर जाण्याची वेळ आणि मालिकांची वेळ एकच पडली, आणि जी बाई मांडावर स्वतः सोंग घेत होती ती त्या वेळी दुसऱ्याचे सोंग पाहू लागली.

नाव पेडण्याचे सांगणारी आणखी एक बाई येथे आठवते. हिराबाई पेडणेकर. कलावंत घराण्यातील ही स्त्री मराठीतील पहिली स्त्री-नाटककार समजली जाते. ‘जयद्रथविडंबन’ हे तिचे नाटक १९०४चे आणि ‘संगीत दामिनी’ १९१२चे. तिने लिहिलेल्या स्त्रियांना रंगमंचावर देह द्यायचा तो त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पुरुषांनी. नाटकमंडळींत आणि साहित्यिकांत तिची ऊठबस होती, पण प्रतिष्ठित समाजात जागा नव्हती. आयुष्याची शेवटची वर्षे तिने कोकणातील पालशेत या गावी जवळजवळ अज्ञातवासात काढली आणि १९५१ साली ती वारली. वसंत कानेटकरांनी तिच्या जीवनावर ‘कस्तुरीमृग’ लिहिले तेव्हा अनेकांना ती कोण हे नव्याने कळले. योगायोग असा की नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर जी दैनंदिन मराठी मालिका गाजली तिचेही नाव ‘दामिनी’ होते. तिची नायिका पत्रकार होती, बाहेर जाऊन काम करणारी, प्रश्न विचारणारी. मराठी दैनंदिन मालिकेची सुरुवात अशा बाईने व्हावी आणि पुढे तिचे काय झाले, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याचा गोव्याला लगेच उपयोग नव्हता. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धा आणि त्यानंतर देशभर उभारलेले प्रक्षेपक या लाटेत दूरचित्रवाणी आमच्याकडे रुजली, आणि ती दिल्लीहून हिंदीत आली. १९८४ साली सुरू झालेल्या ‘हम लोग’चा हेतू कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा यांविषयी लोकशिक्षण करण्याचा होता. त्यातील सोशिक आई भागवंती ही असे असू नये हे दाखविण्यासाठी होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेच्या परिणामांचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की बऱ्याच प्रेक्षकांनी, त्यांत बायकांनीही, भागवंतीलाच आदर्श मानले. लेखकाला जे दोष वाटले ते प्रेक्षकाला गुण वाटले. जानेवारी १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. दशावतारातील विडी ओढणारी सीता आणि ही सीता यांत प्रेक्षकाने कोणती पूज्य मानली, हे सांगायला नको.

मराठी वाहिन्यांचे युग १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठीने सुरू झाले. तिच्या पहिल्या मोठ्या मालिकेत, ‘आभाळमाया’त, सुकन्या कुलकर्णी यांनी साकारलेली सुधा जोशी ही प्राध्यापिका होती, आणि नवऱ्याच्या प्रतारणेला ती आपल्या नोकरीच्या व स्वाभिमानाच्या बळावर तोंड देत होती. तोवर हवा बदलली नव्हती. जुलै २००० मध्ये हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, त्याच वर्षी ई टीव्ही मराठी आली, आणि २००१च्या अखेरीस ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली ती जानेवारी २०१३पर्यंत चालून तीन हजारांहून अधिक भागांची झाली. ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री तीत सासू होती, म्हणून ती मालिका पाहवत होती, असे आम्ही खाजगीत कबूल करू. पण दामिनीपासून या सासूपर्यंतचा प्रवास काही वर्षांतच झाला. बाई कचेरीतून घरी आली, आणि घरातून बाहेर पडणे हीच तिची शिक्षा ठरली.

हे असे का झाले, याची कारणे स्वभावात शोधण्यापेक्षा हिशेबात शोधावीत. मालिका प्रेक्षक किती यावर चालते, आणि प्रेक्षक मोजण्याची यंत्रे त्या काळात मोठ्या शहरांतील निवडक घरांत बसविलेली असत. गावे मोजणीत आली ती २०१५मध्ये नव्या संस्थेची मोजणी सुरू झाल्यावर. म्हणजे सासू-सुनेचा साचा ज्या दीड दशकात पक्का झाला त्या काळात पेडण्यातील किंवा डिचोलीतील एखाद्या गावात किती जण कोणती मालिका पाहतात, हे कुणी विचारलेच नव्हते. आजही मोजणीच्या तक्त्यात महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार असतो, मध्ये तिरकी रेघ. २०११च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,९५५ होती. जाहिरातदाराच्या दृष्टीने हा आकडा मुंबईच्या एका उपनगराच्या कोपऱ्याएवढा. तिच्यासाठी तिच्या कायद्याची, तिच्या शेताची गोष्ट कोण लिहिणार? इतिहासातील स्त्रियांचीही हीच गत. रमाबाई रानडे यांच्यावरील ‘उंच माझा झोका’ २०१२मध्ये आली आणि लोकांनी ती आवडीने पाहिली, हे खरे. पण सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्यावरील ‘सावित्रीजोती’ २०२० साली सुरू होऊन त्याच वर्षी प्रेक्षकसंख्येअभावी बंद पडली.

एवढे लिहिल्यावर दुसरी बाजू मांडणे आम्हांस प्राप्त आहे, आणि तिच्यात गोव्याचाच दाखला आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध आहे. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि गोवा येथील १८० खेड्यांतील कुटुंबांची २००१ ते २००३ या काळात त्यांनी केलेली पाहणी त्याच्या मुळाशी आहे. या काळात ज्या गावांत केबल नव्याने आली तेथे नवऱ्याने बायकोला मारणे रास्त आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, स्वतःच्या इच्छेने बाहेर जाण्याची मुभा वाढली, आणि जननप्रमाणही घटले. म्हणजे याच सासू-सुनांच्या मालिका पाहून. बायकांचे मत खरोखर बदलले की पाहणी करणाऱ्याला काय सांगावे हे त्या शिकल्या, ही शंका त्या लेखकांनाही आहे.

आम्हांस या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही. जिला नवऱ्याच्या परवानगीवाचून बाजारात जाता येत नव्हते तिने शहरातील बाई गाडी चालविताना, मोबाइलवर बोलताना, एकच मूल असताना सुखी दिसताना पाहिली, तर कथानक काय आहे याला फारसे महत्त्व राहत नाही. कथानकाच्या मागची खोली तिला शिकवून जाते. हरियाणातील किंवा बिहारमधील एखाद्या गावात ही शिकवण मोठी ठरली असेल. परंतु सगळ्यांना एकच पट्टी लावली की काय होते, हे येथे दिसते. जिच्याजवळ काहीच नव्हते तिला पडद्याने थोडे दिले. जिच्या पदरी आधीच अर्धा वाटा, शेतातला शब्द आणि मांडावरची रात्र होती, तिला त्याची आठवण करून दिली नाही. बोलीचेही असेच झाले. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या घरगुती कोंकणीत ‘तूं’ हा शब्द सढळपणे चालतो. त्यात अनादर नसतो. मालिकेतील सुनेचे ‘अहो’ आणि ‘सासूबाई’ ऐकून वाढलेल्या मुलींना आता आपले ‘तूं’ गावंढळ वाटू लागले आहे. आम्ही मराठीचे लेखक, आणि मराठीवर आमचे प्रेम आहे. परंतु मराठीतील हा विशिष्ट दिवाणखाना म्हणजे मराठी, असे आम्ही मानत नाही.

पडदा आमच्या अंगणापर्यंत आला तोही प्रसंग सांगण्याजोगा आहे. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली. तिचे चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एका वाड्यात झाले. पेडण्याहून हे गाव फार दूर नाही. बोली मालवणी, म्हणजे पेडण्याच्या बोलीची सख्खी शेजारीण. घर, खळे, माड, पडवी, सगळे ओळखीचे. कोकणी माणसाची बदनामी होते म्हणून काही ठिकाणी निषेधही झाला. पण आमचे लक्ष वेधले ते २०१९च्या दुसऱ्या पर्वाने. त्यात अण्णा नाईक या जुलमी पुरुषाच्या एका बाजूला सोसणारी माई आणि दुसऱ्या बाजूला मोहात पाडणारी शेवंता अशा दोन बायका होत्या. प्रदेश खरा, भाषा बरीचशी खरी, वाडा खरा. आणि बाईचे दोनच साचे. अण्णाच्या जमिनीचे व्यवहार कथेत येतात तेव्हा त्या जमिनीत माईचा शब्द काय, हे कुणी विचारीत नाही. कथा सिंधुदुर्गातील असल्याने कायदाही तिकडचा, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण तेरेखोलच्या अलीकडे बसून पाहणारीला नदीने कायदा बदलतो हे कोण सांगणार?

एप्रिल २०२१मध्ये साथीमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झाले तेव्हा अनेक मालिकांचे चमू गोव्यात उतरले. इथल्या बंगल्यांतून आणि विश्रामगृहांतून पुण्या-मुंबईची घरे उभी राहिली. मे महिन्याच्या आरंभी, गोव्यातही साथ शिगेला पोहोचली असता, विरोध झाला आणि गोवा मनोरंजन संस्थेने परवानग्या मागे घेतल्या. ते योग्यच होते. तेवढ्या काही आठवड्यांत गोवा मराठी मालिकांत रोज दिसला, नारळीसकट. गोव्याचे घर मात्र त्यात नव्हते.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे, असे विचारले तर आमचे उत्तर मालिकांच्या संदर्भात कुणाला अपेक्षित नसेल अशा ठिकाणी, नोटरीच्या कचेरीत आहे. बाप वारल्यावर भावाच्या नावे घर आणि भाट राहावे म्हणून बहिणीने आपला हक्क सोडण्याची रीत गोव्यातही आहे. पालक जिवंत असताना असा हक्क सोडता येत नाही. तो त्यांच्या मागे, विशेष नोटरीपुढे दस्त करून सोडावा लागतो. ती विवाहित असेल तर मालमत्ता उभयतांची असल्याने नवऱ्याचीही संमती लागते. शंभर-दीडशे वर्षांच्या कायद्याने तिच्याभोवती ही जी कुंपणे घातली आहेत ती तिने सहज काही सोडू नये म्हणूनच. पण वाटा मागणारी बहीण ही मालिकेत नेहमी खलनायिका असते. ती माहेरी राहायला येते, भावजयीचा छळ करते आणि तिजोरीवर डोळा ठेवते. चांगली बहीण राखी बांधते आणि काही मागत नाही. वीस-पंचवीस वर्षे रोज हे पाहिलेल्या बाईपुढे दस्त आला की तिला भीती वाटते ती गरिबीची नसते. आपण त्या दुसऱ्या बहिणीसारख्या दिसू, याची असते.

विशेष नोटरीपुढे दस्त वाचून दाखविला जातो. त्यात भाटाचा सर्व्हे क्रमांक असतो, चतुःसीमा असतात, घराचा क्रमांक असतो, आणि आईचा अर्धा वाटा वेगळा लिहिलेला असतो. बहुतेक जणी तो भाग ऐकेपर्यंत पेन हातात घेऊन बसलेल्या असतात.